जुना पीसी अडखळतोय? आधी नाडी बघा!

डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत चार घरं फिरा, त्यातल्या एखाद्या घरात तरी तो सापडेलच. दादाच्या डिप्लोमाच्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेला डेस्कटॉप, नाहीतर कुठल्या तरी कंपनीतून निघालेला आणि स्टेशनजवळच्या दुकानातून रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला लॅपटॉप. वर्डमध्ये असाइनमेंट टाइप करायची असेल तर बिचारा गुमान चालतो. पण ब्राउझर उघडला की खेळ सुरू. पान स्क्रोल केलं तर तुकड्यातुकड्यानं सरकतं. यूट्यूबवरच्या लेक्चरमध्ये सर पुढचं समीकरण सांगतात आणि फळ्यावर अजून मागचंच असतं. कॅनव्हा किंवा फिग्मा उघडलं की पंखा असा घोंघावतो की शेजारच्या खोलीतून आई विचारते, ‘काय लावलंस रे?’

मग घरात विषय निघतो, नवीन घ्यायचा का? बाबा ईएमआयचा हिशोब मांडायला बसतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ‘आता हा भंगारातच’ असं म्हणणारे वाढले. पण थांबा. ब्राउझर अडखळण्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि त्यातल्या निम्म्या कारणांना एक रुपयाही लागत नाही. कुठलं कारण आपलं, हे ओळखता आलं पाहिजे, एवढंच.

चित्र काढतं कोण?

वेबपेज म्हणजे सर्व्हरकडून आलेलं तयार चित्र नसतं. येतात त्या सूचना. हा मजकूर इथे, हा फोटो तिथे, हे बटण गोल, त्यामागे हलकी सावली. ब्राउझर या सूचना वाचतो, कुठली गोष्ट किती जागा घेणार ते मोजतो, एकेक थर रंगवतो आणि शेवटी सगळे थर एकावर एक ठेवून तुम्हाला पान दाखवतो. तुम्ही स्क्रोल करता तेव्हा हेच काम सेकंदाला साठ वेळा व्हावं अशी अपेक्षा असते. म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद.

हे काम दोघं करू शकतात, सीपीयू किंवा जीपीयू. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रस्ताभर रांगोळी घालायची आहे असं समजा. एकच निष्णात माणूस बसवला तर तो सुंदर घालेल, पण यात्रा येऊन निघून जाईल. त्याऐवजी चाळीस मुलं ओळीनं बसवली आणि प्रत्येकाला एकेक चौकोन दिला तर अर्ध्या तासात रस्ता भरतो. सीपीयू हा तो एकटा निष्णात माणूस आणि जीपीयू म्हणजे ती चाळीस मुलं. यासाठी वेगळं महागडं ग्राफिक्स कार्डच हवं असं नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतच छोटा जीपीयू असतो आणि ब्राउझरला तो पुरतो.

घोटाळा कधी होतो? काही कारणानं ब्राउझरला जीपीयू वापरताच येत नाही, आणि रांगोळीचं सगळं काम एकट्या सीपीयूच्या गळ्यात पडतं. पान दिसतं, पण सीपीयूचा जीव जातो. कॉम्प्युटर ‘म्हातारा’ वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते बाहेरून दिसत नाही.

पाच मिनिटांची तपासणी

औषध घेण्याआधी निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. आता ब्राउझरमध्ये जे अडखळतं तेच चालवा आणि आकडे बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर दोष ग्राफिक्सचा नाही, जुन्या हार्डडिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क आणि मेमरी निवांत, पण नुसतं स्क्रोल केलं किंवा व्हिडिओ लावला की सीपीयू १०० टक्के, तर समजा जीपीयू काम करत नाहीये. आणि सुरुवातीची वीस मिनिटं सगळं झकास, नंतर हळूहळू मंद, असं होत असेल तर मशीन तापतंय.

क्रोम वापरत असाल तर आणखी एक गोष्ट करा. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन स्लॅश आणि शेवटी जीपीयू असं टाइप करा. एक लांबलचक पान उघडेल. घाबरू नका, फक्त वरची यादी वाचायची. ओळींपुढे हिरव्या अक्षरात ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ असेल तर जीपीयू कामावर हजर आहे. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसलं तर तो घरी बसलाय. फायरफॉक्समध्ये हीच माहिती ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’ या पत्त्यावर ग्राफिक्स या मथळ्याखाली मिळते.

ड्रायव्हर हरवलाय का?

जीपीयू घरी बसण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे ड्रायव्हर. मशीन फॉरमॅट करून नवी विंडोज टाकली की कधी कधी ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसतच नाही. विंडोज तेवढ्यापुरता कामचलाऊ ड्रायव्हर लावते. स्क्रीन दिसते, रंग दिसतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ बघा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडिया असं नाव असायला हवं. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लिहिलेलं दिसलं, तर चोर सापडला.

उपाय सोपा. विंडोज अपडेटमधले ‘ऑप्शनल अपडेट्स’ तपासा. तिथे नाही मिळाला तर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावरून ड्रायव्हर उतरवा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ असं सांगणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्यातली बरीच नको ती सामग्री सोबत घेऊन येतात. आणि दुकानातून मशीन फॉरमॅट करून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिथेच विचारा, ‘दादा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलात ना? दाखवा जरा.’ या एका प्रश्नानं पुढची फेरी वाचते.

तो एक खटका

ड्रायव्हर ठीक असूनही जीपीयू बंद दिसतोय? मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ या भागात जा. ‘युज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ असा खटका असतो. कोणीतरी कधीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. चालू करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा.

गंमत म्हणजे याच्या उलटही घडतं. काही जुन्या मशीनवर ड्रायव्हर इतका जुनाट असतो की खटका चालू असतानाच पान काळं पडतं, अक्षरं फाटतात, ब्राउझर गोठतो. अशा वेळी खटका बंद केल्यावर मशीन जास्त स्थिर चालतं. म्हणून ‘ॲक्सिलरेशन चालू ठेवा’ किंवा ‘बंद ठेवा’ असा सरसकट सल्ला कोणी दिला तर तो अर्धाच खरा. दोन्ही करून बघा, प्रत्येक वेळी तेच पान, तोच व्हिडिओ लावा आणि टास्क मॅनेजरमधले आकडे ताडून बघा. विज्ञानाच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकवतात तेच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणखी एक कारण म्हणजे क्रोमची ‘नको’ यादी. ज्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे ब्राउझर कोसळतो असं आढळलंय, त्यांची यादी क्रोमच्या आतच असते आणि त्यात तुमचा ड्रायव्हर असेल तर ब्राउझर आपणहून जीपीयू वापरणं टाळतो. ही यादी ओलांडायची सोय क्रोमच्या ‘फ्लॅग्ज’ पानावर आहे. ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ हे तिचं नाव. प्रयोग म्हणून करून बघायला हरकत नाही, पण ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री नको. यादी उगाच बनवलेली नसते.

व्हिडिओचं दुखणं वेगळं

पानं झरझर चालतात, पण व्हिडिओच अडकतो, अशी तक्रार असेल तर मामला कोडेकचा आहे. व्हिडिओ दाबून, बारीक करून पाठवला जातो आणि तुमच्या मशीनला तो उलगडावा लागतो. जुनी पद्धत एच.२६४. नंतर आल्या व्हीपी९ आणि एव्ही१. नव्या पद्धतींत डेटा कमी लागतो, पण उलगडायला मेहनत जास्त. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सपुरतं बोलायचं तर एच.२६४ उलगडणारी यंत्रणा दुसऱ्या पिढीपासून अगदी व्यवस्थित आहे, व्हीपी९ साठी पूर्ण यंत्रणा सातव्या पिढीत आली आणि एव्ही१ साठी अकराव्या पिढीत. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आणि यूट्यूब पाठवतंय व्हीपी९, तर सगळी उकल सीपीयूनं हातानं करायची.

पिढी ओळखायची कशी? प्रोसेसरच्या नावातला चार आकडी नंबर बघा. आय५-४२१० म्हणजे चौथी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी. पुढे दहावी-अकरावी पिढी आली की पहिले दोन आकडे धरायचे.

यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोडेकच्या ओळीत काय लिहिलंय ते दिसेल आणि किती फ्रेम गळल्या त्याचाही आकडा दिसेल. गळती वाढत असेल तर सगळ्यात सोपा उपाय, क्वालिटी ७२० वरून ४८० वर आणा. फळ्यावरची अक्षरं ४८० ला बहुतेक वेळा वाचता येतात. ‘७२०पी६०’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यात सेकंदाला साठ फ्रेम आहेत, म्हणजे मेहनत दुप्पट. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना ‘अबाउट कॉन्फिग’ पानावर एव्ही१ बंद करण्याची सोय आहे. ते बंद केलं की साइट दुसऱ्या पद्धतीचा व्हिडिओ पाठवते.

ऑनलाइन इंटरव्ह्यू किंवा ग्रुप प्रोजेक्टची मीटिंग असेल तर मागचं घर लपवण्यासाठी लावलेलं बॅकग्राउंड ब्लर बंद करा. प्रत्येक फ्रेममध्ये तुमचा चेहरा शोधून बाकीचं पुसायचं काम जुन्या मशीनला जड जातं. त्यापेक्षा मागे एक साधी चादर टांगा. वन बीएचकेवाल्यांना हे सांगायला नकोच.

धूळ, दमट हवा आणि दोन कांड्या

खाडीच्या बाजूची दमट हवा, वर्षभर कुठे ना कुठे सुरू असलेलं बांधकाम आणि रस्त्यावरची धूळ, ही आपल्या पट्ट्याची देणगी. ती कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन घट्ट बसते. उष्णता बाहेर पडायला वाट राहिली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अंगभूत ग्राफिक्स त्याच चिपवर असल्यामुळे तेही मंदावतं. डेस्कटॉप असेल तर मेन स्विच बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशनं साफ करा. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतात ते वेड्यासारखं फिरतं आणि बिघडतं. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर दुकानात द्या आणि थर्मल पेस्टही बदलून घ्या. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरायची सवय मात्र आजच सोडा.

आता रॅम. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधलाच वाटा घेतो. ४ जीबी रॅममधून विंडोज, ब्राउझर आणि ग्राफिक्स असे तिघं जेवायला बसले की कोणाचंच पोट भरत नाही. ८ जीबी केली की फरक लगेच जाणवतो. आणि ८ जीबीची एक कांडी लावण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन लावल्या, तर मशीनला एकाच वेळी दोन्हींशी बोलता येतं. अंगभूत ग्राफिक्सला याचा खास फायदा होतो. दुकानात जाताना जुनी कांडी सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

पैसे खर्च न करता करायच्या गोष्टीही आहेत. क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’ सेटिंगमधला मेमरी सेव्हर चालू करा. क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते दिसेल. कधीतरी कूपन शोधायला टाकलेलं एक्स्टेन्शन तुम्हाला आठवतही नसेल, पण ते मात्र रोज हजेरी लावत असतं. पॉवर सेटिंग ‘पॉवर सेव्हर’वर तर नाही ना, हेही बघा. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखता आला नाही की मुद्दाम हळू चालतात, तेव्हा डुप्लिकेट चार्जरवरही संशय घ्या.

एसएसडी म्हणजे रामबाण?

कुठल्याही दुकानात ‘स्लो चालतोय’ म्हटलं की पहिलं उत्तर येतं, ‘एसएसडी टाका.’ सल्ला वाईट नाही. हार्डडिस्क काढून एसएसडी लावली की मशीन चालू होणं, ब्राउझर उघडणं, फाइल सापडणं हे सगळं कमालीचं वेगवान होतं. पण पान उघडल्यानंतरचं अडखळणं, फाटणारा व्हिडिओ, कॅनव्हात ओढताना मागे राहणारं चित्र, यांचा एसएसडीशी फारसा संबंध नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत होती? मग जरूर टाका. दिसत नव्हती? मग आधी ड्रायव्हर.

खूप जुने डेस्कटॉप, म्हणजे जी३१ बोर्ड आणि कोअर टू ड्युओ किंवा ड्युअल कोअरच्या जमान्यातले, यांचं थोडं वेगळं आहे. त्यातलं अंगभूत ग्राफिक्स डायरेक्टएक्स ९ च्या काळातलं. आजच्या ब्राउझरला आणि नकाशे, डिझाइन, थ्रीडी यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वेबजीएलला त्याच्यापुढचं काहीतरी हवं असतं. तिथे सेटिंग बदलून हाती काही लागणार नाही. एखादं साधं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड लावता येतं. जीटी ७१० सारखं कार्ड जेमतेम १९ वॉट खातं, वेगळी वायर लागत नाही. पण व्हीपी९ त्यालाही उलगडता येत नाही. जीटी १०३० ला येतं, मात्र जुन्या बोर्डावर ते चालेलच असं नाही. तेव्हा कॅबिनेट दुकानात न्या, कार्ड लावून स्क्रीनवर बघा, मगच पैसे द्या. अशा बोर्डावर रॅमही सहसा ४ जीबीच्या पुढे जात नाही, हे लक्षात ठेवून खर्चाची मर्यादा ठरवा.

विंडोजचं काय करायचं?

क्रोमनं विंडोज ७ आणि ८.१ ला २०२३ च्या सुरुवातीला निरोप दिला. १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. म्हणजे घरात अजून विंडोज ७ चालू असेल तर त्यावरचा क्रोम तेव्हापासून गोठलेला आहे. वेग हा त्यातला छोटा प्रश्न. त्याच मशीनवरून बाबांचं नेट बँकिंग आणि तुमचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरला जात असेल तर मोठा प्रश्न सुरक्षेचा आहे. विंडोज १० वाल्या घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते.

दुसरा रस्ता लिनक्सचा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती जुन्या मशीनवर हलकी चालते. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात, वेगळे शोधावे लागत नाहीत. नुसताच ब्राउझर वापरायचा असेल तर गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स हा पर्यायही आहे. दोन्ही पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून बघता येतात. एक रविवार ट्रायल घ्या. वायफाय चालतं का, प्रिंटर ओळखतो का, स्क्रोल गुळगुळीत होतं का, हे तपासा. आवडलं तर डेटाचा बॅकअप घेऊन मग कायमचं टाका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत, तेही मोफत. कॉलेजला जे खास विंडोजचंच सॉफ्टवेअर लागतं, त्याची चौकशी मात्र आधी करा.

आणि कधी थांबायचं?

प्रत्येक मशीन वाचवायचंच असा हट्ट नको. बोर्डावर बिघाड असेल, बॅटरी फुगली असेल, किंवा तुमच्या कोर्सला खरोखर थ्रीडी मॉडेलिंग, व्हिडिओ एडिटिंग लागत असेल, तर जुन्यात पैसे ओतत राहणं महागात पडतं. फुगलेली बॅटरी तर ताबडतोब काढायला द्या. दुरुस्तीचा एकूण खर्च चांगल्या रिफर्बिश्ड मशीनच्या निम्म्याच्या पुढे जायला लागला की थांबा आणि पुन्हा हिशोब करा.

टाकून द्यायची वेळ आलीच तर हार्डडिस्क पूर्ण पुसा किंवा काढून ठेवा, त्यात घरभराचे आधार आणि पॅनचे स्कॅन असतात. उरलेलं मशीन ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडेच द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी कचऱ्याचं रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. ड्रायव्हर नसल्यामुळे मंद चाललेले किती कॉम्प्युटर त्यात गेले असतील, ते कोण मोजणार!

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी टास्क मॅनेजर, मग ड्रायव्हर, मग ॲक्सिलरेशनचा खटका, मग व्हिडिओची क्वालिटी, मग साफसफाई. हे सगळं झाल्यावर रॅम आणि एसएसडी, आणि सगळ्यात शेवटी नवीन मशीन. येत्या रविवारी घरचा पीसी उघडून बसा. तो मार्गी लागला की शेजारच्या काकू त्यांचा घेऊन येतीलच, चहा त्यांच्याकडे ठरवून ठेवा.